पिंपातल्या नाण्यांवर तगलेला संघ : हिरोशिमा कार्प

मावळता_मावळा | सोमवार, रात्री ९:१२

परवा कुठल्याशा धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की बेसबॉल म्हणजे श्रीमंत अमेरिकनांचा रटाळ टाइमपास. तिथे भांडलो नाही, कारण अमेरिकन बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण कामानिमित्त अडीच वर्षं हिरोशिमात काढली, आणि तिथल्या संघाने मला पार बिघडवून परत पाठवलं. म्हणून हा वेगळा धागा.

आपल्यासाठी हिरोशिमा म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळी आणि एक तारीख. मी तिथे उतरलो तर जिकडेतिकडे लाल रंग. आजीबाईंच्या हातपिशव्या लाल, ड्रेनेजच्या झाकणावर संघाचं चित्र, स्टेडियमजवळच्या लॉसन दुकानाची पाटी जगभर निळी असते ती इथे लाल. पहिल्या आठवड्यात मला वाटलं इथे निवडणूक आहे.

तर गोष्ट अशी. ६ ऑगस्ट १९४५ नंतर जेमतेम चार वर्षांनी, १९४९ च्या अखेरीस, या शहरात व्यावसायिक बेसबॉल संघ काढायचं ठरलं. लोक अजून पत्र्याच्या खोपटांत राहत होते. १९५० साली जपानी बेसबॉल दोन लीगमध्ये विभागलं गेलं, संघ एकदम वाढले, आणि त्या गडबडीत हिरोशिमाला सेंट्रल लीगमध्ये जागा मिळाली. बाकीच्या संघांमागे भक्कम मालक होते. योमिउरी म्हणजे वर्तमानपत्र, हानशिन म्हणजे रेल्वे, शोचिकु म्हणजे सिनेमा, ताइयो म्हणजे मासेमारी. हिरोशिमामागे कुणीच नाही. प्रांताने आणि आजूबाजूच्या नगरपालिकांनी वर्गणी काढायचं कबूल केलं, आणि सरकारी वर्गणी जशी येते तशी ती आली.

नाव कार्प. कोई मासा हो, आपले रोहू-कटला त्याच कुळातले. हिरोशिमाच्या किल्ल्याला जुनं टोपणनाव 'रिजो', म्हणजे कोईचा किल्ला. शिवाय धबधबा चढून जाणारी कोई ड्रॅगन होते अशी जुनी कथा आहे. आधी नाव 'कार्प्स' ठेवलं होतं, मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की इंग्रजीत या माशाचं अनेकवचन होत नाही. 'स' गेला.

पहिला मॅनेजर (म्हणजे आपल्या भाषेत कोच, निवड समिती आणि घरातला थोरला, सगळं एकच) शुइची इशिमोतो, तिथलाच भूमिपुत्र. पहिल्या वर्षी ४१ सामने जिंकले, ९६ हरले, एक बरोबरीत. आठ संघांत आठवा. पैसे संपले, खेळाडूंचे पगार थकले. १९५१ च्या मार्चमध्ये संघ गुंडाळून ताइयोमध्ये विलीन करायचं जवळजवळ पक्कं झालं होतं.

तेव्हा इशिमोतो उठला आणि दारोदार फिरला. कारखान्यांत, मोहल्ल्यांत, गावांत पाठीराख्यांची मंडळं काढली. आणि मैदानाच्या दाराशी साकेचं लाकडी पिंप ठेवलं. आत जाणारा माणूस तिकिटावर वर त्यात काहीतरी टाकायचा. नाणी, चुरगळलेल्या दहा येनच्या नोटा. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हतं त्यांनी एका हरणाऱ्या संघाचे पगार दिले. जपानीत याला 'तारू-बोकिन' म्हणतात, पिंपवर्गणी म्हणू आपण.

माझ्या शेजारचे आजोबा कार्प हरले की दुसऱ्या दिवशी नमस्कार करायचे नाहीत. त्यांना एकदा विचारलं, तुम्हीही टाकले होते का पैसे? म्हणाले, मी लहान होतो, वडलांनी दिलेलं नाणं टाकायला पिंपाच्या काठापर्यंत हात पुरेना, मागच्या अनोळखी माणसाने उचलून धरलं. एवढंच बोलले आणि आत गेले.

उरलेलं लोकांना रस असेल तर लिहितो.

---

आळशी_बोका | सोमवार, रात्री ९:४०

वाखु (वाचनखूण) साठवली. रस आहे. लिवा.

---

शेवग्याची_शेंग | सोमवार, रात्री १०:०५

एका हंगामात १३८ सामने?? हे लोक नोकरी कधी करतात?

---

मावळता_मावळा | सोमवार, रात्री १०:११

@शेंग, हीच नोकरी. सोमवार सोडून जवळजवळ रोज सामना. आणि बघणारे नोकरी सांभाळूनच बघतात, सुटले की सरळ मैदानात. तिथे गणवेशासारखे सूट घातलेले साहेब लोक सुटाच्या वर लाल जर्सी चढवताना पाहिलेत मी.

---

स्कोअरर_काका | मंगळवार, सकाळी ७:२०

उत्तम धागा. एक पुरवणी जोडतो, कारण खरी थरारक गोष्ट तुम्ही सोडलीत.

पिंपाने १९५१ निभावलं. १९५२ साठी लीगने नियम केला की ज्या संघाचं जिंकण्याचं प्रमाण तीन दशांशाखाली जाईल तो लीगमधून बाहेर. संघांची संख्या कमी करायची होती, आणि तो नियम कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केला होता हे सांगायला ज्योतिषी नको. कार्पने त्या वर्षी ३७ जिंकले, ८० हरले, ३ बरोबरीत. प्रमाण ०.३१६. वाचले! आणि खाली कोण गेलं? शोचिकु रॉबिन्स, ३४ विजय, ८० नव्हे तर ८४ पराभव, ०.२८८. हे तेच रॉबिन्स जे दोन वर्षांपूर्वी, १९५० ला, लीगचे विजेते होते. त्यांना ताइयोत विलीन व्हावं लागलं. कार्पसाठी तयार ठेवलेल्या खड्ड्यात सिनेमा कंपनी पडली.

या सगळ्या हरण्याच्या काळात एक माणूस एकट्याने वजन ओढत होता. र्योहेई हासेगावा, बुटका पिचर (चेंडू फेकणारा), निवड चाचणीतून आलेला. कारकीर्दीत १९७ विजय आणि २०८ पराभव. पराभवांची संख्या बघून नाक मुरडू नका. असा पिचर चांगल्या संघात असता तर काय झालं असतं याचा विचार करा. १९५५ साली तर या पठ्ठ्याने एकट्याने ३० सामने जिंकले.

---

ओसाकाची_सून | मंगळवार, सकाळी ११:३३

इशिमोतो मूळचे आमचे बरं का! युद्धापूर्वी हानशिन टायगर्सना त्यांनीच विजेतेपदं मिळवून दिली होती. सासरी सगळे कट्टर टायगर्स, त्यामुळे हा धागा मी शत्रूच्या गोटातून वाचतेय.

आणि कार्पबद्दल आमच्याकडे एक जुनी थट्टा आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला मुलांच्या सणाला घरोघर कापडी कोई मासे काठीवर लावतात, कोइनोबोरी म्हणतात त्यांना. तर कार्पचा जोर फक्त कोइनोबोरी खाली उतरेपर्यंत. एप्रिलमध्ये वर, जूनमध्ये गायब.

---

मावळता_मावळा | मंगळवार, रात्री ८:५०

काका, आभार. ०.३०० ची गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती, तुम्ही पत्ता उघड केलात.

सूनबाई, थट्टा मान्य. हिरोशिमातले लोक ती तुमच्याहून जास्त वेळा करतात.

पुढे. १९५३ साली फ्रेस्नोहून झेनिमुरा बंधू, केन्सो आणि केन्शी, कार्पकडून खेळायला आले. ही नुसती परदेशी खेळाडूंची भरती नव्हती. हिरोशिमातून पिढ्यान् पिढ्या लोक हवाई आणि कॅलिफोर्नियाला गेले होते. या भावांचे वडील केनिची झेनिमुरा जन्माने हिरोशिमाचे. युद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा अॅरिझोनातल्या गिला रिव्हर छावणीत या माणसाने वाळवंटात बेसबॉलचं मैदान उभारलं. त्यांची मुलं बापाच्या गावच्या संघात आली. मला वाटतं त्या शहराला तेव्हा हे किती लागलं असेल याची आपल्याला इथे बसून कल्पना येणार नाही.

१९५७ च्या जुलैत महापालिकेचं स्टेडियम झालं, स्थानिक कंपन्यांच्या देणगीतून. जागा अणुबॉम्ब डोमच्या (बॉम्बनंतर उरलेल्या इमारतीच्या सांगाड्याच्या) अगदी समोर, मध्ये फक्त ट्रामचा रस्ता. (बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, त्या ट्राम एका तुकड्यावर पुन्हा सुरू झाल्या होत्या. हे शहर थांबत नाही.) पुढची पन्नासएक वर्षं, २००८ पर्यंत, एका बाजूला तो सांगाडा आणि दुसऱ्या बाजूला दिव्यांच्या झोतात ओरडणारी माणसं. मी गेलो तेव्हा जुनं स्टेडियम पाडून झालं होतं. आजोबा म्हणायचे, तिथून निघताना डोमकडे बघून आपोआप आवाज खाली यायचा, जिंकलो असलो तरी.

खेळाचं म्हणाल तर १९६८ पर्यंत पहिल्या तिघांत एकदाही नाही. अठरा वर्षं.

---

तर्कटराव | मंगळवार, रात्री १०:२५

लेख छान आहे पण चष्मा जरा गुलाबी नाही का? 'नागरिकांचा संघ' वगैरे. १९६८ सालीच नाव 'हिरोशिमा तोयो कार्प' झालं, आणि तोयो म्हणजे तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा. मोटार कंपनीचे मात्सुदा मालक झाले. आज मैदानाचं नाव माझदा. यात पिंप कुठे राहिलं? चाहत्यांना गोष्ट विकायची आणि कंपनीने जाहिरात करायची, जगभर हेच चालतं.

---

गिरगावचा_चिवडा | मंगळवार, रात्री १०:४०

अवांतर : माझदा हे नाव कंपनी स्वतः सांगते त्याप्रमाणे संस्थापक मात्सुदा आणि पारशांचा अहुर मझ्द, दोन्हींवरून आहे. म्हणजे आमच्या गल्लीतल्या अग्यारीचा आणि कार्पचा संबंध लागला. झोपतो आता शांत.

---

मावळता_मावळा | बुधवार, सकाळी ६:५५

तर्कटराव, अर्धं मान्य. मात्सुदा घराणं मालक आहे आणि माझदाचाही मोठा हिस्सा आहे. पिंपातून एक संघ सत्तर वर्षं चालत नाही.

पण दोन गोष्टी बघा. १९७० च्या दशकात तेलसंकटाने कंपनी गाळात गेली, बँकेची माणसं आली, आणि मात्सुदा घराण्याला मोटार कंपनीतल्या खुर्च्या सोडाव्या लागल्या. संघ त्यांच्याकडेच राहिला. दुसरं म्हणजे जपानात बहुतेक संघांचा तोटा मूळ कंपनी जाहिरात खर्च म्हणून भरून देते. कार्पला तसा भरणारा बाप नाही. तरी १९७५ पासून कोविड येईपर्यंत एकही वर्ष तोट्यात नाही. कसं? तिकिटं, जर्सी, टोप्या, उशा, कढीपासून टॉयलेट पेपरपर्यंत सगळ्यावर लाल मासा, आणि पगाराच्या बाबतीत कोकणस्थी काटकसर. दुसऱ्या संघातला मोकळा झालेला मोठा खेळाडू पैसे टाकून आणायचा, हा प्रकार या संघाने केलेलाच नाही.

ही काटकसर म्हणजे पुण्य आहे असं मी म्हणत नाही. तिची किंमत काय मोजावी लागली ते पुढे येईलच. पण पिंपाची सवय अंगात मुरलेली आहे, एवढं नक्की.

---

कोथरूडची_कोथिंबीर | बुधवार, सकाळी ९:१५

१९७५ ला काय झालं? सारखा उल्लेख येतोय.

---

मावळता_मावळा | बुधवार, रात्री ९:३०

१९७५! सांगतो.

त्याआधीची तीन वर्षं ओळीने शेवटचा नंबर. मग जो लुट्झ नावाचा अमेरिकन मॅनेजर केला. त्याने आल्या आल्या सांगितलं, टोपी लाल करा, लाल म्हणजे लढण्याचा रंग. तोवर टोपी गडद निळी होती. खेळाडूंना लाज वाटली म्हणे, पुरुषांनी एवढी भडक टोपी घालायची? एप्रिलमध्येच लुट्झ पंचाशी भांडला, मैदान सोडायला तयार होईना, तेव्हा संघाचा पदाधिकारी मैदानात येऊन त्याला समजावू लागला. माझ्या अधिकारात हात घातला म्हणून गडी राजीनामा देऊन चालता झाला. पंधराएक सामन्यांचा संसार. टोपी मात्र राहिली.

मग ताकेशी कोबा मॅनेजर. त्या वर्षीच्या ऑल-स्टार (सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंच्या) सामन्यात कोजी यामामोतो आणि साचिओ किनुगासा या कार्पच्या जोडगोळीने प्रत्येकी दोन होमरन (आपल्या षटकारासारखे) ठोकले आणि देशभर 'लाल हेल्मेट'चं वादळ उठलं. १५ ऑक्टोबर १९७५, टोकियोत कोराकुएन स्टेडियमवर बलाढ्य योमिउरी जायंट्सविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये गेल हॉपकिन्सचा तीन धावांचा होमरन, ४-०, आणि २६ व्या हंगामात पहिलं लीग विजेतेपद.

पुढे जपान सीरिज (दोन लीगचे विजेते भिडतात, आधी चार जिंकेल तो) हांक्यु ब्रेव्ह्जविरुद्ध. एकही सामना जिंकता आला नाही. हिरोशिमात ते कुणाला आठवतही नाही.

---

कोथरूडची_कोथिंबीर | बुधवार, रात्री ९:५२

कोराकुएन? सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा नमुना ओकायामाच्या कोराकुएन बागेचा आहे ना? मग जायंट्स तिथे खेळायचे?

---

ओसाकाची_सून | बुधवार, रात्री १०:०१

@कोथिंबीर, नाही हो. दोन वेगळ्या बागा. पुण्याची बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून, ते हिरोशिमाचं शेजारचं. स्टेडियमचं नाव टोकियोतल्या कोइशिकावा कोराकुएनवरून, त्या बागेला लागूनच होतं ते. आता त्याच्या शेजारी टोकियो डोम आहे.

---

शेवग्याची_शेंग | बुधवार, रात्री १०:०४

धागा बेसबॉलचा, अवांतर बागेचं. आता कुणीतरी मिसळ आणा म्हणजे झालं.

---

ओसाकाची_सून | गुरुवार, दुपारी २:४५

शत्रूपक्षातली असले तरी १९७९ मीच लिहिणार, कारण ते आमच्या ओसाकात घडलं. नाम्बाला मोठा मॉल आहे, नाम्बा पार्क्स. तिथे पूर्वी ओसाका स्टेडियम होतं. आजही मॉलच्या फरशीत होमप्लेटची खूण बसवलेली आहे. मुलीला बूट घ्यायला गेले की सासरे हटकून तिथे उभे राहतात आणि दर वेळी तीच गोष्ट पहिल्यांदा सांगतोय अशी सांगतात. तर त्यांच्याकडून :

४ नोव्हेंबर १९७९. जपान सीरिज, कार्प विरुद्ध किन्तेत्सु बफेलोज. ३-३ बरोबरी, सातवा सामना. बारीक पाऊस. कार्प ४-३ ने पुढे, शेवटची नववी इनिंग, पिचर युताका एनात्सु. (हाही मूळचा आमचा टायगर्सचा! १९७१ च्या ऑल-स्टारमध्ये ओळीने नऊ जणांना स्ट्राइक आउट केलेला, म्हणजे फटका न लागू देता बाद.) पहिल्याच बॅटरचा हिट, तो पहिल्या बेसवर. (बेस म्हणजे पळायचे टप्पे, तिन्ही ओलांडून घरी परतलं की एक धाव.) त्याच्या जागी पळायला फुजिसे नावाचा चपळ गडी आणला, त्याने दुसरा बेस चोरला, कॅचरची फेक चुकली, तो तिसऱ्यावर. मग एक वॉक (म्हणजे खराब चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस), एक मुद्दाम दिलेला वॉक. तिन्ही बेस भरलेले आणि बाद कुणीच नाही. क्रिकेटवाल्यांनी असं समजा की शेवटच्या षटकात दोन धावा हव्यात, सहा चेंडू आणि दहा विकेट हातात.

तेवढ्यात एनात्सुने बघितलं की आपल्या संघाने बाजूला दुसरे पिचर गरम करायला काढलेत. माझ्यावर विश्वास नाही? भडकला. तेव्हा पहिल्या बेसवरून किनुगासा चालत आला आणि म्हणाला, तू सोडलंस तर मीही सोडतो. सासरे म्हणतात, सगळा सामना त्या एका वाक्यावर फिरला. मला वाटतं सासऱ्यांना ते वाक्य फार आवडतं म्हणून फिरला.

ससाकीला स्ट्राइक आउट केलं. पुढे इशिवाता. त्याला स्क्वीझ करायला सांगितलं होतं, म्हणजे तिसऱ्या बेसवरचा गडी चेंडू सुटतानाच पळत सुटतो आणि बॅटरने बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच जमिनीवर टाकायचा. एनात्सुचा हात वर गेला आणि त्याच क्षणी त्याला हालचाल दिसली. कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकायची पकड तशीच ठेवून त्याने चेंडू बाहेर उंच टाकला. बॅट पोचली नाही. फुजिसे अर्ध्या वाटेत सापडला, बाद. मग इशिवाताही स्ट्राइक आउट. त्या इनिंगमध्ये एनात्सुने एकूण २१ चेंडू टाकले, आणि 'एनात्सुचे २१ चेंडू' म्हटलं की जपानात पुढे काही सांगावं लागत नाही. हिरोशिमाची पहिली जपान सीरिज.

---

आळशी_बोका | गुरुवार, दुपारी ३:३०

काटा आला अंगावर. ऑफिसात बसून वाचलं. बॉस विचारतोय काय झालं.

---

स्कोअरर_काका | गुरुवार, सायं. ६:१५

अप्रतिम. आकडे पुरे करतो. १९८० ला पुन्हा किन्तेत्सुलाच ४-३ ने हरवून सलग दुसरी. १९८४ ला हांक्युला ४-३, नऊ वर्षांपूर्वीचं उट्टं निघालं. १९८६ ला लीग जिंकली पण सीरिज सेइबु लायन्सने नेली. ती तर आठ सामन्यांची झाली, पहिला बरोबरीत सुटला होता आणि मग कार्प तीन जिंकून चार हरले. १९९१ पुन्हा सेइबु, पुन्हा ३-४. एकूण लीग विजेतेपदं नऊ, जपान सीरिज तीन.

यामामोतोचे ५३६ होमरन. पण मला विचाराल तर किनुगासा. १९७० ते १९८७, सलग २,२१५ सामने, एकही न चुकवता. अमेरिकेतल्या लू गेरिगचा २,१३० चा विक्रम त्याने जून १९८७ मध्ये मोडला.

---

मावळता_मावळा | गुरुवार, रात्री ९:०५

किनुगासावर थोडं थांबू या, घाई नको.

त्याचे वडील अमेरिकन सैन्यातले कृष्णवर्णीय, आई जपानी. पन्नाशीच्या दशकातल्या जपानात असं मूल म्हणून वाढणं काय असेल ते तुम्हीच ओळखा. ऑगस्ट १९७९ मध्ये जायंट्सचा पिचर निशिमोतो याचा चेंडू लागून त्याचं खांद्याचं हाड मोडलं. विक्रम तुटणार हे सगळ्यांनी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तो बदली बॅटर म्हणून आला आणि तीनही चेंडूंवर जीव खाऊन बॅट फिरवली. तिन्ही हुकले. नंतर त्याने सांगितलं ते असं : पहिला फटका चाहत्यांसाठी, दुसरा स्वतःसाठी, तिसरा निशिमोतोसाठी. कारण तो पोरगा रात्रभर झोपला नसेल.

१९९६ मध्ये अमेरिकन कॅल रिपकेनने सलग २,२१५ सामने ओलांडले तेव्हा किनुगासा अमेरिकेत त्या मैदानावर हजर होता, अभिनंदन करायला.

---

तर्कटराव | गुरुवार, रात्री ९:४४

किनुगासाबद्दल काही बोलायचं नाही. नमस्कार.

पण १९९१ नंतर?

---

मावळता_मावळा | शुक्रवार, रात्री ८:२०

१९९१ नंतर काटकसरीचं बिल आलं.

खेळाडूंना ठरावीक वर्षांनी संघ निवडायची मुभा मिळाली आणि कार्प श्रीमंतांची नर्सरी झाला. वाढवा, घडवा, निरोप द्या. एतो जायंट्सकडे गेला. कानेमोतो हानशिनकडे. २००७ ला ताकाहिरो आराईही हानशिनकडे, तो तर पत्रकारांसमोर रडत रडत गेला. १९९८ पासून सलग पंधरा हंगाम संघ पहिल्या तिघांत नाही. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये स्वतःची अकादमी काढली १९९० मध्ये, स्वस्तात हिरे मिळतील म्हणून. तिथून अल्फोन्सो सोरियानो सापडला आणि तोही अमेरिकेला जाऊन यँकीजचा तारा झाला.

आणि तरी २००४ मध्ये, लीगमध्ये विलीनीकरणाचं वारं सुटलं होतं आणि नवीन मैदानाची चर्चा होती, तेव्हा शहरात पुन्हा पिंपं ठेवली गेली. दहा कोटी येनहून जास्त जमले. तर्कटराव, हे कंपनीच्या जाहिरातीत बसवा पाहू. २००९ ला नवं स्टेडियम उघडलं, रेल्वेमार्गाला लागून. शिन्कान्सेनमधून (बुलेट ट्रेन) आत डोकावता येतं.

---

ओसाकाची_सून | शुक्रवार, रात्री ८:४१

कानेमोतो आणि आराईबद्दल हानशिनच्या वतीने क्षमस्व. (खोटं. कानेमोतोने आम्हाला २००३ आणि २००५ ला लीग जिंकून दिली. अजिबात क्षमस्व नाही.) आराई मात्र परत दिला ना तुम्हाला!

---

मावळता_मावळा | शुक्रवार, रात्री ९:२६

दिलात, तोच पुढचा भाग.

हिरोकी कुरोदा, कार्पचा पिचर. २००६ ला तो जाणार अशी बोलवा होती, शेवटच्या सामन्याला प्रेक्षकांनी त्याच्या १५ नंबरचे फलक धरून विनवलं. तो एक वर्ष थांबला, मग अमेरिकेला गेला. डॉजर्स, मग यँकीज. तिथे पाहिजे तेवढे पैसे मिळत असताना, २०१५ च्या हंगामाला, त्याच्या काही पटींनी कमी पगारावर हिरोशिमात परत आला. चाळीशी गाठलेली. त्याच वर्षी आराईही परत. त्याला भीती होती की लोक शिव्या घालतील. पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

१० सप्टेंबर २०१६, टोकियो डोम, समोर जायंट्स, सुरुवातीचा पिचर कुरोदा. पंचवीस वर्षांनी लीग जिंकली. दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. मी त्या रात्री शहरात होतो. होंदोरी बाजारपेठेत अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत चालली होती, तासभर, एकाच दिशेने आणि मग उलट दिशेने. शेजारचे आजोबा दार उघडून उभे होते, आणि मला पाहून आधी त्यांनी नमस्कार केला.

सीरिज निप्पॉन हॅमने नेली, ४-२. २०१७, २०१८ ला पुन्हा लीग, ओळीने तीन. सीरिज नाहीच. १९८४ पासून नाही. बारा संघांत सध्या सर्वांत लांब दुष्काळ आमचा.

---

स्कोअरर_काका | शनिवार, सकाळी ७:०५

आणि २०२४? आराई मॅनेजर, ऑगस्टअखेर पहिला नंबर, आणि सप्टेंबरमध्ये ५ विजय, २० पराभव. शेवटी चौथे. साठ वर्षं स्कोअर लिहितोय, असा महिना बघितला नाही.

---

मावळता_मावळा | शनिवार, सकाळी ९:३०

काका, जखमेवर मीठ चोळायला सकाळी सातला उठलात?

---

शेवग्याची_शेंग | शनिवार, सकाळी ११:१०

मस्त धागा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). एक उपयोगाचा प्रश्न : पुढच्या वर्षी जपानला जायचं ठरतंय. सामना बघायचा तर काय करायचं? बेसबॉल कळत नसला तरी चालेल का?

---

मावळता_मावळा | शनिवार, सकाळी ११:४८

धावेल. तिकीट मात्र विक्री सुरू झाल्याबरोबर काढा, लगेच संपतात. हिरोशिमा स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालत, लाल गर्दीच्या मागे जायचं. ओरडणाऱ्या भागात बसलात तर गुडघ्यांची तयारी ठेवा, तिथे अर्धे लोक उभे राहतात तेव्हा अर्धे बसतात, मग उलट, गाणं संपेपर्यंत. उठाबशाच. काही जुनी मंडळी जवळच्या मियाजिमा बेटावरच्या लाकडी भातवाढ्या टाळांसारख्या वाजवतात. 'भात वाढून घेणे' आणि 'शत्रूला पकडणे' यावर जपानीत श्लेष होतो म्हणून. दुपारी डोम आणि संग्रहालय बघून संध्याकाळी सामन्याला गेलात तर आधी जरा विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं. जा तरी.

कधी जाताय?

---

शेवग्याची_शेंग | शनिवार, दुपारी १२:०२

मुलांची परीक्षा वगैरे धरून जूनचा पहिला आठवडा.

---

ओसाकाची_सून | शनिवार, दुपारी १२:०४

जून?? कोइनोबोरी उतरल्यावर? बाई, ओसाकाला ये, टायगर्स बघ.

---

मावळता_मावळा | शनिवार, दुपारी १२:०६

संपादक, या आयडीवर बंदी घाला.